किंमत पदवीची, भिस्त परवान्यावर

विशेष प्रतिनिधी

परदेशी विद्यापीठांकडे जाणारा भारतीय विद्यार्थ्यांचा ओघ २०२४ मध्ये घटला. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या चारही देशांनी नियम कडक केले. मात्र या घडामोडींकडे केवळ 'व्हिसाची अडचण' म्हणून पाहणे अपुरे ठरेल. शुल्क घेणारी संस्था एक आणि भवितव्य ठरवणारी यंत्रणा दुसरी, अशा या व्यवहारातील सगळी जोखीम कर्ज काढणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या माथी आली आहे.

परदेशात उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या दरवर्षी वाढतच राहणार, असे गेली काही वर्षे गृहीत धरले गेले होते. त्या गृहीतकाला २०२४ मध्ये तडा गेला. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये सुमारे ८ लाख ९३ हजार विद्यार्थी शिक्षणासाठी देशाबाहेर गेले होते. २०२४ मध्ये हा आकडा ७ लाख ५९ हजारांवर आला. एका वर्षात पंधरा टक्क्यांची ही घट होती. त्यानंतर कॅनडातून आलेली माहिती तर अधिकच बोलकी होती. शिक्षण परवान्यासाठी भारतातून आलेल्या अर्जांपैकी ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ३२ टक्के फेटाळले गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर गेले.

या घसरणीची दोन कारणे हमखास सांगितली जातात. पाश्चात्त्य देशांत परकीयांविरुद्ध वातावरण तापले आहे, हे एक; आणि भारताचे काही देशांशी संबंध बिघडले, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही वरवरची आहेत. मूळ प्रश्न वेगळाच आहे. आपला विद्यार्थी परदेशात नेमके काय विकत घेतो? कागदोपत्री तो शुल्क भरतो ते शिक्षणाचे. प्रत्यक्षात त्या रकमेत आणखी एक अपेक्षा मिसळलेली असते, ती म्हणजे पदवीनंतर त्या देशात काही वर्षे काम करता येईल आणि त्या कमाईतून कर्ज फिटेल. पदवी विद्यापीठ देते, कामाची परवानगी सरकार देते. पैसे घ्यायचे एकाने आणि अपेक्षा पुरी करायची दुसऱ्याने, असा हा व्यवहार आहे. त्या दुसऱ्याने कोणताही शब्द दिलेला नसतो, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

ब्रिटनचा दाखला

हे विधान ज्यांना अतिशयोक्त वाटेल, त्यांनी ब्रिटनचा अनुभव पाहावा. पदवीनंतर दोन वर्षे काम करू देणारी सवलत तेथील सरकारने २०१२ मध्ये बंद केली. विद्यापीठे तीच होती, प्राध्यापक तेच होते, पदवीचे जागतिक मोलही कमी झाले नव्हते. तरीही २०१०-११ मध्ये ३९ हजारांच्या घरात असलेली भारतीय विद्यार्थ्यांची संख्या पुढच्या पाच-सहा वर्षांत निम्म्याहून खाली आली. १ जुलै २०२१ पासून ही सवलत 'ग्रॅज्युएट रूट' या नावाने परत आली आणि २०२२-२३ पर्यंत हीच संख्या दीड लाखाच्या पुढे गेली. बदलला होता तो फक्त परवाना. मागणी शिक्षणाला किती आणि परवान्याला किती, याचे इतके स्वच्छ उत्तर दुसरे कोणते मिळणार?

ब्रिटिश विद्यापीठांना हे पुरेपूर ठाऊक आहे. इंग्लंडमधील स्थानिक विद्यार्थ्याचे शुल्क सरकार ठरवते. २०१२ मध्ये ते वर्षाला ९ हजार पौंडांपर्यंत होते, २०१७ मध्ये ९ हजार २५० झाले आणि पुढे आठ वर्षे तेथेच गोठले. २०२५ मध्ये ते ९ हजार ५३५ पौंडांवर गेले. दरम्यान महागाई काही थांबली नव्हती. परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्कावर मात्र अशी मर्यादा नाही. साहजिकच तुटीचा खड्डा भरण्यासाठी परदेशी विद्यार्थी आणणे हा विद्यापीठांचा राजमार्ग झाला.

पण विद्यापीठांना हवे असलेले विद्यार्थी मतदारांना स्थलांतरित म्हणून दिसू लागले, तेव्हा राजकारण्यांची दिशा फिरली. जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदार व मुले सोबत नेण्यास बंदी झाली. १ जानेवारी २०२७ पासून पदवीनंतरच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी अठराच महिने मिळतील, असेही ठरले, पीएच.डी.धारकांची तीन वर्षे तेवढी कायम राहिली. ऑगस्ट २०२८ पासून विद्यापीठांकडून प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यामागे ९२५ पौंडांचा आकार घेण्याची घोषणाही झाली आहे. हा भार अखेर कोणाच्या शुल्कात मिळवला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

कॅनडातील फुगा

कॅनडात हेच चक्र अधिक वेगाने फिरले. ओंटारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क १० टक्क्यांनी कमी केले आणि नंतर ते गोठवले. तेथील सार्वजनिक महाविद्यालयांनी तूट भरून काढण्यासाठी भारताकडे, विशेषतः पंजाबकडे, मोर्चा वळवला. प्रांताच्या महालेखापरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालानुसार या महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थी सुमारे ३० टक्के होते. पण शुल्काच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा सुमारे ६८ टक्के होता. या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक होते. कॅनडातील पोरांचे स्वस्त शिक्षण लुधियाना-जालंधरकडच्या शेतजमिनींवर काढलेल्या कर्जातून चालले होते, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

यातून एक विचित्र रचना उभी राहिली. उत्तर ओंटारिओच्या छोट्या गावांतील काही सार्वजनिक महाविद्यालयांनी आपले अभ्यासक्रम टोरोंटो परिसरातील खासगी संस्थांना चालवायला दिले. विद्यार्थी वर्गात बसायचा तो शहरातील एखाद्या व्यापारी संकुलात. पदविका मिळायची ती शेकडो किलोमीटर दूरच्या सार्वजनिक महाविद्यालयाची. त्या पदविकेचे खरे आकर्षण एकच होते, तिच्यामुळे कामाचा परवाना मिळत असे. जागांच्या कितीतरी पट प्रवेशपत्रे वाटली जात. ऑगस्ट २०२३ मध्ये अशाच एका महाविद्यालयाने सत्र तोंडावर आले असताना पाचशेच्या आसपास प्रवेश रद्द केले. विमानाची तिकिटे काढून बसलेल्या मुलांच्या घरी तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

२०२३ च्या अखेरीस कॅनडात शिक्षण परवानाधारकांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. त्याच वर्षी देशाची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली. १९५७ नंतरचा तो सर्वाधिक वेग होता. घरभाडी भडकली, रुग्णालयांवरचा ताण वाढला आणि परदेशी विद्यार्थी हा निवडणुकीचा विषय झाला. मग एकामागून एक निर्णय येत गेले. १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याने खर्चासाठी दाखवायची रक्कम १० हजारांवरून २० हजार ६३५ कॅनेडियन डॉलरवर नेण्यात आली. २२ जानेवारी २०२४ रोजी परवान्यांवर मर्यादा जाहीर झाली. १५ मे २०२४ पासून वर सांगितलेल्या सार्वजनिक-खासगी भागीदारीतील अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्यांसाठी कामाचा परवाना बंद झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतासह काही देशांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली जलद अर्जाची सोय गुंडाळण्यात आली. पुढे २०२६ साठी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट १ लाख ५५ हजार ठरवण्यात आले. २०२५ साठी ते ३ लाख ५ हजार ९०० होते.

या सगळ्यामागे भारत-कॅनडा वाद आहे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान ट्रुडो यांनी निज्जर प्रकरणात भारतावर आरोप केल्यानंतर कॅनडाला आपले ४१ राजनैतिक अधिकारी परत न्यावे लागले आणि त्याचा परिणाम व्हिसाच्या कामावर झाला, हे खरेच आहे. पण पुढे काय झाले पाहा. पंतप्रधान कार्नी यांनी जून २०२५ मध्ये जी-७ परिषदेसाठी नरेंद्र मोदी यांना बोलावले. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांकडे नवे उच्चायुक्त नेमले. आणि नेमका त्याच ऑगस्ट महिन्यात चारपैकी जवळपास तीन भारतीय अर्ज फेटाळले गेले! राजदूत परतले म्हणून परवाने परतत नाहीत. प्रश्न परराष्ट्र धोरणाचा नाही, घरभाड्याचा आणि मतपेटीचा आहे. हे ध्यानात घेतले नाही, तर संबंध सुधारले की दारे उघडतील या भाबड्या आशेवर आणखी काही हजार कुटुंबे कर्ज काढतील.

चार दिशांना चार वाटा

ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये ७१० वरून १,६०० आणि वर्षभराने २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केले. अर्ज नामंजूर झाला तरी हे पैसे सहसा परत मिळत नाहीत. नव्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी २०२५ चे उद्दिष्ट २ लाख ७० हजार आणि २०२६ चे २ लाख ९५ हजार ठरवण्यात आले.

अमेरिकेचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात तेथे ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक पहिला होता. विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित शाखांच्या पदवीधरांना तेथे बारा अधिक चोवीस महिने काम करण्याची मुभा मिळत आली आहे. पण त्यानंतर गाठ पडते ती एच-१बी व्हिसाच्या सोडतीशी; त्याची वार्षिक मर्यादा ८५ हजार आहे. २७ मे २०२५ पासून सुमारे तीन आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणेच थांबवण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमेरिकेतच शिकून विद्यार्थी व्हिसावरून थेट एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही, हा खुलासा व्हायला महिना लागला. त्या महिन्यात किती घरांची झोप उडाली असेल!

जर्मनीची वाट या चारही देशांहून निराळी आहे. तेथील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शुल्क जवळजवळ नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य आणि २०२४-२५ पासून म्युनिकचे तंत्रविद्यापीठ असे अपवाद आहेत. खर्चासाठी बँकेत वर्षाला ११ हजार ९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात. पण ते विद्यार्थ्याचेच असतात आणि त्यालाच दरमहा मिळतात. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने दिले जातात. २०२३-२४ मध्ये तेथे ४९ हजारांहून अधिक भारतीय शिकत होते. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनातील जर्मनच्या वर्गांना जाणाऱ्या मुलांनी हे गणित केव्हाच मांडले आहे. भाषेचे कष्ट मोठे आहेत, यात शंका नाही. पण तेथे परदेशी विद्यार्थी हा विद्यापीठाची तूट भरण्याचे साधन नाही. त्यामुळे परवाना नाकारला गेला, तरी बुडणारी रक्कम लहान असते.

घरचा हिशेब

आता हा हिशेब डोंबिवलीतील किंवा कोथरूडमधील एखाद्या घरात मांडून पाहू. उदाहरणादाखल, ४० लाखांचे कर्ज ११ टक्के दराने काढले आणि ते दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार रुपये बसतो. मुदत पंधरा वर्षे केली तरी तो पंचेचाळीस हजारांखाली येत नाही. शिवाय शिक्षण चालू असताना हप्त्यांना सवलत असली, तरी व्याजाला नसते. पूर्ण रक्कम उचलल्यानंतर वर्षाला ४ लाख ४० हजारांची भर पडत राहते. परदेशातील पगारातून हा हप्ता सहज निघतो. पण तोच मुलगा पदवी घेऊन घरी परतला, तर पुण्या-मुंबईत नव्याने नोकरीला लागणाऱ्या अनेकांचा सबंध पगारही तेवढा नसतो. सरकारी बँका साडेसात लाखांपुढच्या कर्जाला सामान्यतः तारण मागतात आणि मध्यमवर्गाकडे तारण म्हणून असते ते राहते घर.

रुपयाची घसरण या दरीत आणखी भर घालते. २०२१ मध्ये डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. ज्याला तेथे नोकरी मिळाली, त्याचे रुपयातील कर्ज यामुळे लवकर फिटते. ज्याला परतावे लागले, त्याने मात्र महाग डॉलरने शुल्क भरलेले असते आणि स्वस्त रुपयाने ते फेडायचे असते. म्हणजे एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा, दोन्ही एकाच वेळी वाढतात. मधली स्थिती उरतच नाही.

या व्यवहारात आणखी एक पात्र आहे, ते सल्लागाराचे. अनेक परदेशी संस्था विद्यार्थ्याने प्रवेश घेतला की सल्लागाराला दलाली देतात. त्यामुळे त्याचे हित प्रवेशापाशी संपते; विद्यार्थ्याचे तेथून सुरू होते. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. पण तो कायदा कामगारांसाठी होता, विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागारांसाठी लिहिलेला नाही. बनावट प्रवेशपत्रांवर कॅनडात गेलेल्या शेकडो पंजाबी विद्यार्थ्यांवर २०२३ मध्ये हद्दपारीची टांगती तलवार आली, तेव्हा त्यांपैकी कित्येकांना आपले पत्र खोटे आहे याचा पत्ताही नव्हता. पंजाबने अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा २०१२ मध्येच केला होता. तरी हे घडले. कायदा पुरेसा नसतो, पण तो नसण्यापेक्षा असलेला बरा.

जोखीम कोणाची?

महाराष्ट्राला परदेशी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यानंतर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करावी, असा करार होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पण लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे नेण्याची मुभा दिली होती. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते परत गेले.

तेव्हाच्या हालअपेष्टांशी आजची तुलना करण्याचे कारण नाही. मुद्दा जोखमीचा आहे. त्या वेळी जोखमीचा मोठा वाटा पाठवणाऱ्याने उचलला होता आणि परत येण्याची मुभा देणारे विद्यापीठच होते. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागा देते. तिचे मोल मोठे आहे. पण बाहेर जाणाऱ्यांच्या संख्येपुढे हा आकडा थेंबाएवढा आहे. उरलेले सारे आपापल्या घराच्या भरवशावर जातात.

या साऱ्याची एक कसोटी आता आपल्या दाराशीच आली आहे. परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढू देणारे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जारी केले. जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीतील एक डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रे देण्यात आली. तेथे मिळणारी पदवी परदेशी असेल, मिळणार नाही तो परदेशी परवाना. ज्याला खरोखर शिक्षणच हवे आहे, त्याच्यासाठी हा पर्याय विचार करण्याजोगा आहे. ज्याला तो ऐकताच निरर्थक वाटेल, त्याने निदान स्वतःशी कबूल करावे की आपण विद्यापीठ निवडत नसून देश निवडत आहोत.

देश निवडण्यात गैर काहीच नाही. चांगल्या आयुष्यासाठी माणसे नेहमीच स्थलांतर करीत आली आहेत. मात्र स्थलांतराचा निर्णय हा स्थलांतराचा निर्णय म्हणूनच घ्यावा. विद्यापीठाच्या क्रमवारीकडे पाहून तो घेता येत नाही. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी प्रत्येक घराने तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. पहिला, मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन थेट घरी परतली, तर हप्ता कोण आणि कशातून भरणार? दुसरा, ही संस्था आणि हाच अभ्यासक्रम कामाच्या परवान्यास पात्र आहे काय, हे सल्लागाराच्या तोंडून नव्हे, तर त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून तपासले काय? आणि तिसरा, नियम बदलला तर कोणती तारीख धरली जाते? कॅनडाने अभ्यासक्रमांच्या विषयांची अट घातली, ती १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षण परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना. आधीच गेलेले तीतून वाचले. ब्रिटनची अठरा महिन्यांची अट मात्र पदवीनंतरच्या अर्जाची तारीख पाहते. म्हणजे सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला बसणारा विद्यार्थी तिच्या कचाट्यात आपोआप सापडतो. घोषणांच्या गदारोळात हा फरक कोणी सांगत नाही आणि लाखो रुपये नेमके त्यावरच अवलंबून असतात.

सरकारांना आपले दार उघडण्याचा वा लावण्याचा अधिकार आहे; तो उद्याही राहील. विद्यापीठांना पैसे हवे आहेत. ते उद्याही लागतील. या दोघांच्या गरजा ज्या वर्षी जुळतात, त्या वर्षी भारतीय विद्यार्थ्यांसाठी लाल गालिचा अंथरला जातो. ज्या वर्षी जुळत नाहीत, त्या वर्षी तोच गालिचा गुंडाळला जातो. शुल्क मात्र आगाऊ भरावे लागते. म्हणून तारण ठेवलेले घर ज्याच्या नावावर आहे, त्याने हा हिशेब परतीचे तिकीट धरूनच मांडला पाहिजे.